आज्जीचं जिणं : फलटणच्या बेबीताई कांबळे
(वर्षावासानिमित्त विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, 'आपल्या समाजातील आज्जीचे ऋण'. विषय ऐकायला सोपा आहे. आज्जी प्रत्येकाच्या घरात असते, नाहीतर होऊन गेलेली असते. आपण शिरोली एमआयडीसीत पाळीला जाणारी माणसं. पहिल्या पाळीला निघालेल्या पोराला भाकरी कोण बांधून देतं? सून कारखान्यात गेली की तान्हं कोण सांभाळतं? पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहार झाडून-पुसून कोण घेतं? कुणाच्या घरी मयत झालं तर रात्रभर कोण बसतं? आज्जी! महापुरात हायवे बंद पडला, माणसं अडकली, तेव्हा भाकऱ्या थापणाऱ्या हातांत सुरकुतलेले हात किती होते ते आठवा. पण विहाराच्या वर्गणीची पावती बघा. तिच्यावर नाव असतं मुलाचं. पैसे आज्जीच्या कनवटीचे आणि नाव दुसऱ्याचं! तेव्हा हे ऋण फेडायचं म्हणजे आधी त्याची नोंद तर पाहिजे. ज्याची नोंदच नाही ते कर्ज कुणी फेडलंय का?

म्हणून आज मी अशा एका आज्जीविषयी बोलणार आहे, जिनं आपली नोंद दुसऱ्या कुणावर सोपवली नाही. तिनं स्वतः कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि लिहून ठेवलं. ती म्हणजे सातारा जिल्ह्यातील फलटणच्या बेबीताई कांबळे. जन्म १९२९ चा, निधन २१ एप्रिल २०१२. शिक्षण चौथी. पोटी दहा लेकरं, त्यातली तीन दगावली. धंदा किराणा मालाच्या दुकानाचा. आणि काम? काम समाजाचं, शेवटपर्यंत.

बंधू-भगिनींनो, बेबीताईंचा जन्म त्यांच्या आजोळी झाला. पुरंदर तालुक्यातलं वीरगाव हे ते गाव. वयाची पहिली आठ-नऊ वर्षे त्या तिथंच वाढल्या. आजोबा गोऱ्या साहेबांकडे बटलर होते, त्यामुळे आजोळच्या घराला महारवाड्यात थोडा मान होता. पण आजूबाजूला दारिद्र्य असं की आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. ते सगळं त्या लहान पोरीनं डोळ्यांनी पाहिलं आणि मनात साठवून ठेवलं. पुढं 'जिणं आमुचं' या नावानं ते छापून आलं. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं.

त्या पुस्तकात काय आहे? येसकराची पाळी आहे. हातात घुंगराची काठी घेऊन गावात भाकरी मागायला जाणारा माणूस आहे. मेलेल्या जनावराचं मांस वाटून घेणारी वस्ती आहे. निवडुंगाची बोंडं खाऊन दिवस काढणारी माणसं आहेत. बाळंतीण झालेली पोर आहे, जिच्या पोटात अन्नाचा कण नाही. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन गावातल्या उच्चवर्णीयांच्या आळीत विकायला जाणारी बाई आहे. लाकडाला आपल्या डोक्याचा केस चिकटलेला राहिला तर घर बाटेल, म्हणून ती एकेक लाकूड तपासून देते. बघा कशी गोष्ट आहे! तिच्या डोक्यावरून आलेलं लाकूड त्यांच्या चुलीला चालतं, केस चालत नाही.

आणि सुनेचे हाल आहेत. आठ-नऊ वर्षांची पोर सून म्हणून यायची. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसायची. हात वळत नाही, भाकरी थापता येत नाही, म्हणून सासूचा मार. सासू तरी अशी का? कारण ती पण कधीकाळी सून होती. तिच्या अंगावरचे वळ तिनं सुनेच्या अंगावर उतरवले. बेबीताईंनी हे झाकलं नाही. गावानं आपल्याला कसं वागवलं हे लिहिणारे पुष्कळ झाले. आपल्या घरात आपण आपल्या बायकांना कसं वागवलं, हे तितक्याच खडखडीत शब्दांत सांगणारी ही बाई आहे. म्हणूनच हे पुस्तक आपल्याला जरा टोचतं. पण जखमेतला काटा काढायचा तर टोचणारच!

बेबीताईंचे वडील ठेकेदारीची कामं घेत. माणूस दिलदार. हातात पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळे होत. पण हाच दिलदार माणूस बायकोला घराबाहेर पडू देत नसे. बायको उंबऱ्याच्या आत राहिली पाहिजे यात त्यांना इभ्रत वाटे. बापाचा चांगुलपणा आणि आईची कोंडी, दोन्ही गोष्टी लेकीनं लिहून ठेवल्या. एकीसाठी दुसरी पुसली नाही. खरी साक्ष अशी असते.

आता हे बदललं कसं? जेजुरीला बाबासाहेबांची सभा झाली. जेजुरी म्हणजे खंडोबाचं ठिकाण. आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं नवस फेडायला जात, खळगी रिकामी ठेवून देवाला वाहत. त्याच ठिकाणी बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली जनावरं ओढणं सोडा, मुलांना शाळेत घाला, बायांनो, तुम्ही पुढाकार घ्या. बेबीताईंच्या पुस्तकात या भाषणानंतर महारवाड्यात उठलेल्या खळबळीचं वर्णन आहे. ते वाचताना मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांचा शब्द चावडीवर पुरुषांनी चर्चिला असेल, पण तो चुलीपर्यंत कुणी नेला? मेलेल्या जनावराचं मांस शिजवायचं नाही हे शेवटी ठरवलं कुणी? जिच्या हातात पातेलं होतं तिनं! पोरगं उपाशी असताना तिनं 'नाही' म्हटलं. पुढं देव्हारा उचलला तोही तिनंच. चळवळीचा ठराव सभेत झाला असेल, अंमलबजावणी स्वयंपाकघरात झाली.

आणि ही फक्त वीरगावची गोष्ट नव्हे. माणगाव आपल्याच हातकणंगले तालुक्यात आहे. तिथं २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि आंबेडकर हेच तुमचे पुढारी होतील असं त्यांनी लोकांना सांगितलं. शंभर वर्षं आपण ही गोष्ट अभिमानानं सांगत आलो. परिषदेला कोण अध्यक्ष होते, कुणी भाषण केलं, सगळं आपल्याला माहीत आहे. पण त्या दोन दिवसांत चुली कुणी पेटवल्या, पाणी कुणी भरलं, त्या बायांची नावं कुणाला ठाऊक आहेत? एक तरी नाव सांगता येईल का? नाही सांगता येत. कारण विचारलंच नाही कुणी. त्या गेल्या आणि नावं त्यांच्याबरोबर गेली.

पुढं २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब हजर होते. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा विचार त्यांनी तिथं मांडला. त्या परिषदेत बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एका नवऱ्याला अनेक बायका करण्याची पद्धत बंद करा म्हणून मागणी केली, आणि गिरण्यांतून काम करणाऱ्या बायांच्या सवलतीसाठीही ठराव केला. १९४२ साली! मी गिरणीत काम करणारा माणूस, म्हणून मला याचं फार अप्रूप. साच्यावर उभं राहून पायाला गोळे येतात ते काय असतं हे मला माहीत आहे. आमच्यासाठी युनियन भांडली. त्या बायांसाठी त्या स्वतः भांडल्या.

बेबीताईंकडे परत येऊ. वीरगावहून त्या फलटणला आल्या आणि शाळेत जाऊ लागल्या. आपल्या मुलींना वर्गात वेगळं, कोपऱ्यात बसवत. पण या मुली रडत घरी आल्या नाहीत. गट करून राहिल्या, कुणी हिणवलं तर तोडीस तोड उत्तर देऊ लागल्या. बाबासाहेबांचं नाव त्यांच्या पाठीशी होतं. चौथी झाली आणि तेराव्या वर्षी लग्न झालं.

लग्नानंतर नवऱ्याला कामधंदा नव्हता. घरात बसून काय होणार? बेबीताईंनी विचार काढला की आपण छोटासा धंदा करू. घडातून सुटलेली द्राक्षं स्वस्त मिळतात, ती आणायची आणि विकायची. चार पैसे सुटले. मग भाजीपाला ठेवला. मग हळूहळू मीठ-मिरची, तेल, डाळ असं करत किराणा मालाचं दुकान उभं राहिलं. गिऱ्हाईक वस्तीतलंच. तरुण मित्रांनो, इथं जरा लक्ष द्या. १९४० च्या दशकात, जातीनं महार असलेली चौथी पास बाई दुकान टाकते! विटाळ मानणाऱ्या जगात खाण्याचा जिन्नस विकते! बँकेचं कर्ज नाही, महामंडळ नाही, सबसिडी नाही. आज आपल्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका पापड-चटणीचा धंदा करतात, त्यांनी आपली ही पूर्वज ओळखून ठेवावी.

आणि याच दुकानात ते पुस्तक जन्मलं. सामान बांधायला रद्दी यायची. गल्ल्यावर बसल्या-बसल्या त्या रद्दीतला मजकूर वाचायची त्यांना सवय लागली. मग वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या. आणि मग एक दिवस लिहू लागल्या. कुणाला न सांगता! नवऱ्याला कळलं तर काय म्हणेल, शिकलेली मुलं हसतील का, या धाकानं लिहिलेले कागद लपवून ठेवायच्या. एक-दोन महिने नव्हे, वीस वर्षं हे लिखाण लपून राहिलं. शेवटी फलटणमध्ये राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांना त्याचा पत्ता लागला आणि त्यांच्या प्रोत्साहनानं ते छापखान्यापर्यंत गेलं. पुढं २००८ साली माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावानं. आज देशातल्या विद्यापीठांत ते शिकवलं जातं. दुकानाच्या रद्दीवर वाचायला लागलेल्या बाईचं पुस्तक एम.ए.ची पोरं अभ्यासतात!

बंधूंनो, आता मी जे सांगणार आहे ते खास आपल्यासाठी, म्हणजे पुरुषांसाठी आहे. इंग्रजी पुस्तकात बेबीताईंची मुलाखत आहे. त्यात त्यांनी सांगितलं आहे की एकदा त्या नवऱ्याबरोबर सभेसाठी मुंबईला निघाल्या होत्या. रेल्वेच्या साध्या डब्यात गर्दी होती. काही पोरांनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यावरून नवऱ्यानं संशय घेतला आणि असं मारलं की नाकातून रक्त वाहू लागलं. निघाल्या होत्या कशासाठी? चळवळीच्या सभेसाठी! दोघंही बाबासाहेबांना मानणारे. तरी हे झालं. आणि त्या म्हणतात की असं सोसणारी मी एकटी नव्हते, त्या काळी घरोघर हेच होतं.

त्यांच्या आत्मकथनात मात्र स्वतःच्या या मारहाणीचं त्यांनी फारसं लिहिलं नाही. का? तर आपल्या एकटीच्या दुःखापेक्षा समाजाचं दुःख मोठं, ते आधी सांगितलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. हा त्यांचा मोठेपणा आहे. पण तिच्या या मोठेपणाचा फायदा आपण किती काळ घ्यायचा? समाजाचं नाव पुढं करून तिनं गप्प बसावं, ही अपेक्षा आपण किती पिढ्या करायची? पंचशीलातलं पहिलं शील आपण दर रविवारी या विहारात म्हणतो. प्राणिमात्राला इजा करणार नाही म्हणतो. प्राणिमात्रात घरची बाई येते की नाही? पाचवं शील दारूचं. ते मोडलं की पहिलं आपोआप मोडतं, हे वस्तीतल्या प्रत्येक आज्जीला माहीत आहे. तिला विचारा, पगाराच्या दिवशी संध्याकाळी ती दाराकडे का बघत बसते!

बेबीताई लिहून थांबल्या नाहीत. त्यांनी फलटणमध्ये बायकांना एकत्र केलं, महिला मंडळाचं काम केलं. फलटणजवळ निंबुरे इथं मागास समाजातल्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. स्वतः चौथीवर थांबलेली बाई दुसऱ्याच्या पोरांसाठी शाळा चालवते. अशा शाळेत काय काय लागतं? शंभर कामं असतात. पोरांचं जेवण, अंथरूण, तापलेल्या पोराच्या उशाशी बसणं, पळून गेलेल्याला परत आणणं, सरकारी कचेरीत खेटे घालणं. घरच्या नातवंडांची आज्जी होणं सोपं आहे हो. जगाच्या लेकरांची आज्जी होणं अवघड.

उतारवयात त्यांना एका गोष्टीचं फार वाईट वाटे, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. बाबासाहेबांच्या पुण्याईनं शिकलेले, साहेब झालेले लोक समाजाकडे पाठ फिरवतात, ज्या वस्तीतून आले तिची त्यांना लाज वाटते, हे त्यांचं दुखणं होतं. मला वाटतं, साहेबांना बोलून आपण मोकळं होऊ नये. आपल्या घरात सुद्धा आज्जीची भाषा ऐकून नातवंडं हसतात ना? तिनं पाहुण्यांसमोर येऊ नये असं वाटतं ना? लाज अशी घरातूनच सुरू होते.

मग आपण करायचं काय? याचंही उत्तर आपल्या बायकांनीच देऊन ठेवलेलं आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी बाबासाहेबांच्या चळवळीत काम केलेल्या बायकांचा शोध घेतला. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना गाठून, त्यांना बोलतं केलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. त्यांनी विचारलं नसतं तर त्या बायका माणगावच्या चुली पेटवणाऱ्या बायांसारख्याच निनावी गेल्या असत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या महुदच्या शांताबाई कांबळे यांनीही 'माझ्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. त्यावर 'नाजुका' नावाची मालिका दूरदर्शनवर आली, ती आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल.

जरा हिशोब करू. आज ऐंशीच्या घरात असलेली आज्जी १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा, दहा-बारा वर्षांची पोर होती. तिला ते दिवस आठवतात. तिच्या घरातले देव कुणी आणि कसे हलवले, नदीत सोडले की पोत्यात बांधले, शेजाऱ्यांनी काय म्हटलं, हे तिनं पाहिलेलं आहे. महारकी वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. वतन असताना घर कसं होतं हे सांगणारी ती शेवटची पिढी. आणखी दहा वर्षांनी विचारायचं म्हटलं तर विचारणार कुणाला? तिच्या फोटोला?

म्हणून माझी या विहाराला हात जोडून विनंती आहे. एक जाड वही आणा. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींनी दर रविवारी वंदनेनंतर एका आज्जीजवळ बसावं. मोबाईल सगळ्यांकडं आहे, आवाज भरून घ्यावा आणि मग वहीत उतरवावा. तिच्याच भाषेत उतरवावा, सुधारून शुद्ध करू नये! तिला विचारा, तुझं माहेर कुठलं? लग्न कितव्या वर्षी झालं? बाबासाहेबांचं नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलंस? शाळेत गेली होतीस का, का सोडलीस? १९७२ च्या दुष्काळात कुठं खडी फोडलीस, काय खाल्लंस? नवऱ्याच्या पगारातलं घरात किती यायचं? कुणाची बाळंतपणं केलीस? तू काय सोसलंस, जे कुणाला सांगितलं नाहीस? हा शेवटचा प्रश्न नातीनं विचारावा, एकटीनं विचारावा. आणि आज्जी म्हणाली हे लिहू नको, तर लिहू नये.

दुसरी गोष्ट. विहाराची वर्गणी ज्या हातानं दिली त्या माणसाच्या नावानं पावती फाडावी. आज्जीनं पन्नास रुपये दिले तर तिचं पूर्ण नाव लिहावं. अमक्याची आई असं नको. तिसरी गोष्ट. खिरदान असो, धम्मसहल असो, राबायला महिला मंडळ आणि हिशोबाला आम्ही, ही वाटणी बदलावी. जी बाई वीस रुपयांत आठवडा काढत होती, तिच्याइतका चोख खजिनदार कुठं मिळणार आहे? आणि चौथी गोष्ट. २१ एप्रिलला, भीमजयंतीच्या धामधुमीनंतर आठवड्यानं, बेबीताईंचा स्मृतिदिन येतो. त्या दिवशी ढोल-ताशा नको, बॅनर नको. विहारात दिवा लावावा आणि 'जिणं आमुचं' मधलं एक प्रकरण नातीनं आज्जीला वाचून दाखवावं. ज्या आज्जीला अक्षर येत नाही, तिला तिचंच आयुष्य पुस्तकात ऐकू येईल. मग बघा ती काय बोलायला लागते ते!

भगवान बुद्धांनी महाप्रजापती गौतमीला संघाचं दार उघडलं, तेव्हा ती वयानं म्हातारी होती, हे आपण विसरतो. सिद्धार्थाला सांभाळून मोठं करणारी मावशी ती. पाय सुजेपर्यंत चालत ती वैशालीला गेली, पाठीमागं शाक्य कुळातल्या बायका होत्या, आणि तिनं आपली जागा मागून घेतली. तिच्या मागून थेरी आल्या, आणि त्यांचे उद्गार 'थेरीगाथा' म्हणून आजही जपलेले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्या भिक्खुणी काय बोलल्या ते आपल्याला वाचायला मिळतं, आणि शेजारच्या गल्लीतली आज्जी काय बोलली ते मात्र कुठं लिहिलेलं नाही, असं होऊ देऊ नका.

वही समितीनं आणावी. पहिल्या पानावर कुणाचं नाव येणार ते पुढच्या रविवारी ठरवू. आज्ज्यांनो, तुम्ही मात्र तोंडाला पदर लावून 'मला काय येतंय' म्हणू नका. तुम्हाला जे येतंय, ते लिहायला आमच्याकडं अजून शाळा नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!